नागपूर परिसरात थॉम्पसन सीडलेस: वाणाचा स्वभाव आणि वर्षभराचे काम

फेब्रुवारी लागला की कळमन्याच्या बाजारात नाशिक आणि सांगलीकडून आलेल्या पांढऱ्या द्राक्षांच्या गाड्या उभ्या राहतात, आणि आपल्याकडचा कोणी ना कोणी संत्रा बागायतदार त्या पेट्या पाहून विचारतो की हे द्राक्ष आपल्या रानात का पिकू नये. पिकते. कळमेश्वर तालुक्यात माझी अर्ध्या एकराची थॉम्पसनची बाग आहे आणि तिने मला फळही दिले आहे, शिक्षाही दिली आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच सांगितली पाहिजे: नाशिकचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून आणले तर हा वाण नागपुरात फसतो. तो का फसतो हे समजायचे असेल तर लागवडीचा खर्च काढण्याआधी त्याचा स्वभाव नीट पाहून घ्यावा.

वाणाची ओळख

थॉम्पसन सीडलेस मूळचा पश्चिम आशियाकडचा. तिकडे तो सुलताना किंवा लांबट किशमिश या नावांनी जुन्या काळापासून ओळखला जातो, आणि १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन या बागायतदाराने त्याचा प्रसार केल्यामुळे त्याला हे इंग्रजी नाव चिकटले. आपण शिऱ्यात घालतो तो किसमिस शब्द आणि हे झाड एकाच घरचे आहेत. महाराष्ट्रात आल्यावर या वाणातून शेतकऱ्यांनीच निवड करून तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन असे प्रकार पुढे आणले. सोनाकाचा मणी चांगलाच लांब असतो, तर तास-ए-गणेशचा थोडा गोलसर आणि भरदार. बाजारात या सगळ्यांनाच सरसकट थॉम्पसन म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून कलमाची काडी घेताना नावावर विसंबू नये. जिथून काडी आणायची त्या बागेत फेब्रुवारीत जाऊन, वेलीवर लागलेला घड डोळ्यांनी पाहून, त्याच वेलींना खूण करून यावे. माझ्याकडे पहिल्या खेपेला आलेल्या काड्यांत दोन प्रकार मिसळलेले निघाले. ते कळायला दोन वर्षे गेली आणि तोवर पावती कुठे ठेवली हेही कोणाला आठवत नव्हते.

झाड जोमदार वाढते. घड मध्यम ते मोठा, खांदे असलेला आणि बऱ्यापैकी गच्च असतो. मणी अंडाकृती, साल पातळ, गर घट्ट, चव निव्वळ गोड. मस्कतासारखा वास त्याला नसतो. पिकल्यावर रंग पोपटी पांढऱ्यापासून मधासारख्या पिवळ्यापर्यंत जातो, आणि कुठवर जातो हे घडावर किती ऊन पडले यावर ठरते. सावलीतला घड हिरवट राहतो, उन्हातला सोनेरी होतो. परदेशी खरेदीदाराला हिरवट पांढरा एकसारखा रंग हवा असतो. नागपूरचे गिऱ्हाईक मात्र पिवळसर मणी पाहून हात पुढे करते, कारण तो गोड निघणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. आपण स्थानिक बाजारासाठी पिकवणार असू तर ही बाब आपल्या सोयीची आहे.

या वाणाला बी नसते याचा अर्थ फलधारणाच होत नाही असा नाही. परागीभवन होते, बीज धरते, पण सुरुवातीलाच त्याची वाढ थांबते आणि खाताना जाणवणार नाही इतका मऊ अवशेष उरतो. वाढणारे बीज मण्याला फुगवणारे जिबरेलिन स्वतः तयार करते. इथे बीजच खुंटल्यामुळे तो पुरवठा तुटपुंजा पडतो आणि मणी निसर्गतः लहान, दीड-दोन ग्रॅमचा राहतो. खाण्याच्या द्राक्षासाठी बाहेरून जीए (जिबरेलिक आम्ल) द्यावे लागते ते याच कारणाने, आणि जीएची वेळ चुकली तर मण्याचा आकार पुढे कोणत्याही खताने भरून निघत नाही.

दुसरा गुणधर्म याहून महत्त्वाचा आहे. या वाणाच्या काडीवर तळाचे पहिले दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात. घड देणारे डोळे त्याच्या पुढे, काडीच्या मध्याकडे असतात. म्हणून तळाशी आखूड छाटणी केली की वेल भरपूर पालवते आणि फळ देत नाही. संत्र्याची सवय असलेल्या हाताला काडी लांब ठेवायला जिवावर येते. मी पहिल्या वर्षी छाटणी चालू असताना अर्धा दिवस मजुरांच्या मागे उभा होतो, तरी दोन ओळी मुंडण केल्यासारख्या निघाल्याच.

नागपूरचे हवामान आणि वर्षाची कात्री

महाराष्ट्रात द्राक्षवेलीवर वर्षातून दोन छाटण्या होतात आणि पीक एकच घेतले जाते. एप्रिलमधली खरड छाटणी नवीन काडी तयार करण्यासाठी असते, ऑक्टोबरमधली गोडी छाटणी त्या काडीवरून फळ काढण्यासाठी. घड दिसतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण तो घडतो त्याच्या पाच महिने आधी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडाची जडणघडण सुरू होते. त्या काळात डोळ्यांवर भरपूर ऊन असेल तर घड तयार होतो, आभाळ असेल तर त्याच जागी बाळी तयार होते, म्हणजे नुसता तारेला वळसा घालणारा दोरा.

आता हे गणित नागपूरला लावून पाहू. १ एप्रिलला खरड छाटणी केली तर ४० ते ६० दिवसांचा काळ ११ मे ते ३१ मे असा येतो. त्यात नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांपैकी, सात दिवस सापडतात, आभाळ स्वच्छ असते आणि ऊन हवे त्याहून जास्त असते. छाटणी ३० एप्रिलला केली तर हाच काळ ९ जून ते २९ जून असा सरकतो, आणि आपल्याकडे जूनच्या मध्याला मोसमी पाऊस दाखल होतो. माझ्या बागेत पहिल्या खऱ्या हंगामात नेमके हेच घडले. छाटणीची टोळी बाहेरून यायची होती, ती आज येते उद्या येते करत महिना संपला, आणि छाटणी ३० एप्रिलला झाली. पावसाळ्यात बाग इतकी हिरवीगार दिसत होती की येणारा-जाणारा कौतुक करत होता. ऑक्टोबरात डोळे फुटले तेव्हा दहा काड्यांमागे जेमतेम तीन काड्यांवर घड निघाला. उरलेल्यांवर बाळ्या आणि वाटाण्याएवढे गोळी घड, जे आठवडाभरात जिरून गेले. खत, औषध, मजुरी सगळे पूर्ण वर्षाचे लागले.

तेव्हापासून मी खरड छाटणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून फार तर ५ एप्रिलपर्यंत उरकतो. याला नागपुरात एक किंमत मोजावी लागते, ती म्हणजे उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. दरवर्षी इतके जात नाही, पण ४४-४५ अंश ही मे महिन्याची नेहमीची गोष्ट आहे. छाटणीनंतर उघडा पडलेला ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी मुख्य फांदी, अशा उन्हात तापतो, वरच्या बाजूची साल भाजते आणि डोळे मागेपुढे फुटतात. यावर मी तीन गोष्टी करतो. छाटणीच्या आधी बागेला भरपूर पाणी देतो. छाटल्यावर ओलांड्यांवर विरळ हिरवी जाळी टाकतो आणि फूट बोटभर झाली की ती काढून घेतो, कारण जाळी पुढे ठेवली तर उन्हासाठी केलेला सगळा खटाटोप वाया जातो. आणि फूट निघेपर्यंत दिवसातून दोनदा, सकाळी अकराच्या आत आणि सायंकाळी, ओलांड्यांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारतो. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात ठिबक चालवण्याइतके पाणी राहत नाही, त्याने थॉम्पसनचा विचार तिथेच थांबवलेला बरा.

फूट सात-नऊ पानांची झाली की सातव्या पानावर शेंडा मारावा. त्यानंतर शेंड्याकडच्या डोळ्यातून जी बगलफूट निघते ती पुढे वाढू द्यावी आणि पाच पानांवर पुन्हा थांबवावी. यालाच सबकेन म्हणतात. शेंडा मारल्यामुळे वाढीचा जोर क्षणभर अडतो आणि त्या गाठीजवळचे डोळे फळासाठी तयार होतात. ऑक्टोबरात कात्री कुठे लावायची हेही त्यामुळे नक्की होते: गाठीच्या पुढे एक किंवा दोन डोळे ठेवून. या काळात नत्र कमी करावे, स्फुरद आणि नंतर पालाश वाढवावे, आणि पाणीही किंचित आवरते घ्यावे. संत्र्याला बहारासाठी ताण देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, फक्त इथे ताण पानगळीपर्यंत न्यायचा नसतो एवढे लक्षात ठेवायचे. काडी पेन्सिलीइतकी, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर जाडीची हवी. अंगठ्याएवढी जाड, लांब पेऱ्यांची काडी दिसायला दमदार असते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये.

पावसाळा ही नागपूरची दुसरी अडचण. सांगलीकडच्या तासगाव भागात वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे अकराशेच्या वर जातो, आणि थॉम्पसन केवडा रोगाला अत्यंत बळी पडणारा वाण आहे. पानाच्या वर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसायला लागली की जुलै-ऑगस्टमध्ये हा हा म्हणता पानगळ होते. पाने गेली की काडी पिकत नाही, आणि हिरवी काडी घेऊन ऑक्टोबर गाठण्यात अर्थ नसतो. म्हणून पावसाळ्यात फूट दाटू देऊ नये, बगलफुटी काढून वारा खेळता ठेवावा आणि १ टक्का बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) संरक्षण सलग चालू ठेवावे.

जमीन आणि खुंट

आपली खोल काळी जमीन कापसाला उत्तम असली तरी द्राक्षाला ती अवघड जाते. तिच्यात पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही, आणि जिथे चुनखडी जास्त तिथे लोहाच्या कमतरतेने पाने पिवळी पडतात. संत्र्याच्या बागा ज्या जमिनीत मर लागून गेल्या, तिथे द्राक्ष लावून प्रश्न सुटणार नाही. मध्यम खोलीची, मुरमाड, उताराची जमीन शोधावी आणि सामू (आम्ल-अल्क पातळी), ईसी (क्षारांचे प्रमाण) आणि मुक्त चुन्याचे प्रमाण या तिन्ही तपासण्या माती व पाणी दोन्हींच्या बाबतीत, जिथे लागू असतील तिथे, करून घ्याव्यात. भारी जमिनीशिवाय पर्याय नसेल तर दोन फूट उंचीचे रुंद वाफे आणि ओळींमधून पाणी काढून देणारे चर ही पहिली गुंतवणूक, मांडवाचे खांब त्यानंतर.

स्वतःच्या मुळावर वेल लावण्याचे दिवस आता गेले. डॉगरिज हा खुंट (ज्याच्या मुळांवर आपल्या वाणाचे कलम करतात ती वेल) महाराष्ट्रात सर्वांत जास्त वापरला जातो आणि हलक्या जमिनीत, कमी पाण्यात तो झाडाला तगवतो. भारी जमिनीत मात्र त्याचा जोर थॉम्पसनच्या जोरात मिसळतो आणि वेल पानांतच रमते. अशा ठिकाणी ११०-आर या खुंटाचा विचार करावा. त्यावर वाढ आटोक्यात राहते आणि डोळ्यांची फळ देण्याची क्षमता चांगली मिळते. खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये लावून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागेवरच पाचर कलम करतात. अंतर ९ बाय ५ फूट धरले तर एकरी ९६८ वेली बसतात, १० बाय ६ धरले तर ७२६. वळण वाय पद्धतीने, म्हणजे इंग्रजी Y अक्षरासारख्या आधारावर, द्यावे असे माझे मत आहे, कारण नागपूरच्या पावसाळ्यात सपाट मांडवाखालची दमट हवा केवड्याला आमंत्रण देते. उन्हाळ्यात मांडवाची सावली बरी असते हे खरे, पण दोहोंत रोग महाग पडतो.

गोडी छाटणी आणि घडाचे काम

ही छाटणी कधी करायची यावर नागपुरात दोन्ही बाजूंनी बंधन आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परतीचा पाऊस असतो आणि पोंग्याच्या अवस्थेत, म्हणजे कोवळी फूट नुकती उघडत असताना, पाऊस लागला तर केवडा थेट कोवळ्या घडावर जातो. उशीर करून नोव्हेंबरात गेलो तर रात्री थंडावतात आणि डोळे एकसारखे फुटत नाहीत; शिवाय काढणी मार्च ओलांडते आणि एप्रिलची खरड छाटणी पुन्हा लांबते. म्हणजे पहिली चूक दुसऱ्या वर्षावरही जाते. माझ्या हिशेबाने १० ते २० ऑक्टोबर हे दहा दिवस आपले. वाणाला छाटणीपासून काढणीपर्यंत १३० ते १४० दिवस लागतात. १० ऑक्टोबरची बाग फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आणि २० ऑक्टोबरची मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत तयार होते.

छाटणीच्या आठवडाभर आधी निरनिराळ्या वेलींवरच्या काही काड्या काढून प्रयोगशाळेत डोळे तपासून घ्यावेत. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा उभा चिरला की त्यात घड आहे की नाही आणि कितव्या डोळ्यात आहे हे दिसते. गाठीजवळचे डोळे वांझ निघाले आणि पुढचे फळाचे निघाले, तर कात्री त्याप्रमाणे पुढे सरकवता येते. थोडक्या खर्चात वर्ष वाचवणारे हे एवढेच काम मला माहीत आहे.

छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत शेवटच्या दोन-तीन डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण बोळ्याने लावतात. प्रमाण साधारण ३० ते ४० मिली प्रति लिटर, काडीची जाडी आणि थंडी पाहून. हे औषध जहाल आहे. हातमोजे आणि चष्मा लागतोच, पण त्याहून एक गोष्ट मजुरांना स्पष्ट शब्दांत सांगावी लागते: लावण्याच्या आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारूचा थेंबही चालणार नाही, कारण शरीरात या औषधाची दारूशी गाठ पडली की चेहरा लाल होणे, धाप लागणे, रक्तदाब घसरणे असा जीवघेणा त्रास होतो. मी हे काम फक्त त्यांच्याच हाती देतो ज्यांच्या बाबतीत मला खात्री आहे.

फूट निघाल्यावर घड दिसताच फेलफूट, म्हणजे घड नसलेली आणि दाटी करणारी फूट, काढून टाकावी. नंतर येते जीए. घड पोपटी हिरवा झाला की १० पीपीएमची (दहा लाख भागांत दहा भाग) पहिली फवारणी आणि चार-पाच दिवसांनी १५ पीपीएमची दुसरी, या दोन्ही फुलोऱ्यापूर्वी. यांचा उद्देश मणी फुगवणे नसून घडाचा दांडा आणि पाकळ्या (दांड्यावरचे उपफाटे) लांबवून गच्चपणा कमी करणे हा आहे. मणी धरल्यानंतर ते ज्वारीच्या दाण्याएवढे, ३ ते ४ मिलिमीटरचे झाले की ४० पीपीएमच्या द्रावणात घड बुडवतात, आणि तुरीच्या दाण्याएवढे, ६ ते ७ मिलिमीटरचे झाले की ३० पीपीएममध्ये दुसऱ्यांदा. मी खिशात ज्वारी आणि तुरीचे दहा-दहा दाणे घेऊनच बागेत जातो आणि वेलीच्या चारी बाजूंचे घड त्यांच्याशी जुळवून पाहतो, कारण अंदाजाने सांगितलेले तीन मिलिमीटर दुपारपर्यंत पाच होतात. एक ग्रॅम जीए २५ लिटर पाण्यात म्हणजे ४० पीपीएम, १०० लिटरमध्ये म्हणजे १० पीपीएम. भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते, आणि पाण्याचा सामू साडेपाच ते सहा हवा. आपल्या विहिरींचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, म्हणून सायट्रिक आम्ल घालून सामू कागदाने तपासल्याशिवाय टाकीत जीए ओतू नये.

बुडवणीत काही जण सीपीपीयू हे आणखी एक वाढ-संजीवकही १ ते २ पीपीएम वापरतात. मणी गोल आणि टणक होतो, टिकतोही चांगला. पण मात्रा वाढली की साखर भरायला उशीर लागतो आणि मणी हिरवाच राहतो. आपल्या बाजाराला त्याची गरज नाही असे मी म्हणेन. वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट वापरण्याची जुनी सवयही आता सोडून दिलेली बरी. २०१० साली त्याच अंशामुळे युरोपात गेलेला महाराष्ट्राचा माल अडकला होता. कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे याची यादी पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामाला प्रसिद्ध करते, ती छापून शेडमध्ये लावून ठेवावी. माल नागपुरातच विकायचा असला तरी खाणारी लेकरे आपलीच असतात.

विरळणीचे काम शब्दांत सांगणे कठीण आहे, ते दाखवावे लागते. घडाचे टोक कापायचे, वरचे खांदे आवरायचे, मधल्या पाकळ्या एकाआड एक काढायच्या आणि शेवटी शंभर ते एकशेवीस मणी राखायचे. आमच्याकडच्या बायांचा हात कापूस वेचण्यात तरबेज. सुरुवातीला चांगले मणी कापून जमिनीवर टाकायचे हे त्यांना पटेना. एका मावशीने कात्री खाली ठेवून मला विचारले की दादा, हे सगळे पिकले तर तुमचे काय बिघडते. मी मुद्दाम एक घड न कापता ठेवला आणि फेब्रुवारीत तो त्यांच्या हातात दिला: आत दाबून फुटलेले, आंबलेले मणी आणि बाहेर हिरवे कच्चे. पुढच्या वर्षी त्याच मावशी इतरांना शिकवत होत्या. वेलीवर घड किती ठेवायचे याचाही हिशेब सरळ आहे. ९ बाय ५ अंतरात वेलीच्या वाट्याला ४५ चौरस फूट येतात. दीड चौरस फुटाला एक घड धरला तर तीस घड, प्रत्येकी साडेतीनशे ग्रॅमचे, म्हणजे वेलीमागे साडेदहा किलो आणि एकरी सुमारे दहा टन. नवख्याने पहिली दोन पिके याच्या निम्म्यावर घ्यावीत.

थंडी, गारा आणि पाखरे

ऑक्टोबरच्या मध्याला छाटलेल्या बागेत मण्यात पाणी उतरण्याची, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरू लागण्याची, वेळ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येते, आणि नागपुरात तेव्हाच कडाक्याची थंडी असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात पारा ३.५ अंशांवर आला होता. रात्रीचे तापमान ८ अंशांखाली जाऊन दिवसरात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडू लागली की थॉम्पसन आणि त्याच्या सर्व निवडींमध्ये काही मणी गुलाबी पडतात. यालाच पिंक बेरी म्हणतात. चव बिघडते असे नाही, पण पांढऱ्या घडात पाच गुलाबी मणी दिसले की व्यापारी भाव पाडतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे पाणी उतरण्याच्या आधीच घड कागदाने झाकणे. वर्तमानपत्राचा कागद चालतो. दोन बाजूंनी गुंडाळून वर स्टेपलरची पिन मारायची आणि खालून हवेला वाट ठेवायची. याच कागदाने फेब्रुवारीच्या वाढत्या उन्हात मणी उकडण्यापासूनही वाचतात. थंडीची लाट असेल त्या दिवसांत पहाटे ठिबक सुरू करावे आणि वाऱ्याच्या बाजूला ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा. एक-दोन अंशांचा फरक पडतो आणि तेवढाही पुष्कळ असतो.

फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळी पावसाचे आणि गारांचे भय विदर्भात सगळ्यांनाच आहे. थॉम्पसनची साल पातळ असल्यामुळे पिकत्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात आणि तडकलेला एक मणी शेजारचे चार नासवतो. गारांची जाळी महाग पडते. अर्धा एकरासाठी मी ती घेतली, पाच एकरांसाठी घेतली असती का हे सांगता येत नाही. जाळीचा दुसरा फायदा नंतर लक्षात आला. नाशिकला हजारो एकर बागा असल्याने पाखरे वाटली जातात. आपल्याकडे दहा कोसांत एकच द्राक्षबाग असली तर सगळ्या परिसरातले बुलबुल आणि पोपट तिथेच जेवायला येतात.

काढणी

रंगावर न जाता साखर मोजून काढावे. हातात धरण्याचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि घडाच्या वरच्या, मधल्या व टोकाच्या मण्यांचा रस एकत्र करून पाहावा. टोकाचा मणी सर्वांत शेवटी गोड होतो, म्हणून नुसता खांद्याचा मणी चाखून फसगत होते. १८ अंश ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) ही खाण्याच्या द्राक्षाची चांगली पातळी आहे. तोडलेले द्राक्ष आंब्यासारखे घरी ठेवून पिकत नाही, त्यामुळे चार दिवस भाव पाहून कच्चा माल काढण्याचा मोह आपल्याच गिऱ्हाइकाला तोडतो.

घड सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी काढावा. देठाला धरावे, मण्यांना बोट लावू नये, कारण मण्यावरची नैसर्गिक पांढुरकी पावडर पुसली गेली की घड दुसऱ्या दिवशीच शिळा दिसतो. दूर पाठवायचे असेल तर पूर्वशीतकरण आणि सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड लागतो. आपल्याला कळमना किंवा थेट शहरातली दुकाने गाठायची असतील तर तासा-दोन तासांचेच अंतर आहे, आणि लांबून आलेल्या मालाच्या तुलनेत ताजा हिरवा देठ हीच आपली खरी जाहिरात. विक्री न झालेला, २२ अंशांच्या पुढे गेलेला माल बेदाण्याला जातो. लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवला की साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मार्चमधली आपली कोरडी हवा या कामाला उत्तम आहे.

शेवटचा घड मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उतरलाच पाहिजे, मग भाव काहीही असो. त्यानंतर वेलीला शेणखत, पाणी आणि किमान पंधरा दिवसांची विश्रांती द्यायची असते, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कात्रीला धार लावून ठेवायची असते.